आल्प कुठे मरतो ते आधी काढा: पुण्यात बसून कोलायडरवरचा पहिला प्रोजेक्ट

एमएस्सीच्या तिसऱ्या सेमला प्रोजेक्टचा फॉर्म भरताना मी मोठ्या तोऱ्यात "कोलायडरवर अ‍ॅक्सिऑनसारख्या कणांचा शोध" असा विषय लिहून दिला (कोलायडर म्हणजे कण एकमेकांवर आदळवायचं यंत्र) आणि पुढचे दोन महिने मी नक्की काय करतोय हे मलाच कळत नव्हतं. रोज सकाळी विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमधून डिपार्टमेंटला यायचं, लॅपटॉप उघडायचा, सॉफ्टवेअर कंपाइल होत नाही म्हणून चिडायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. नंतर लक्षात आलं की ज्या गोष्टीला कागद, पेन आणि एक तास पुरतो ती न करताच मी हजारो इव्हेंट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली टकरी, तयार करत बसलो होतो. म्हणून हा लेख. तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला असाल, थोडं पायथन येत असेल आणि हा विषय डोक्यात बसला असेल, तर याच क्रमाने जा.

अ‍ॅक्सिऑनसारखा, अजून कुणाला न सापडलेला हा कण. अ‍ॅक्सिऑन-लाइक पार्टिकल हे नाव दरवेळी घेताना जीभ दमते, त्यामुळे सगळे त्याला "आल्प" म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

आधी सामान गोळा करा

- लॅपटॉप, ८ जीबी रॅम चालते, १६ असेल तर उत्तम. उबुंटू टाका, विंडोज सोडवत नसेल तर त्याच्या आतलं लिनक्स वापरा.
- ५० जीबी तरी मोकळी जागा. १० हजार इव्हेंटची डिटेक्टरमधून काढलेली फाईल सहज शेकडो एमबीची होते.
- मॅडग्राफ (टकरी तयार करतं), पिथिया (टकरीनंतरचं फुटणं), डेल्फिस (डिटेक्टरची नक्कल) आणि रूट (डेटा आणि प्लॉट). चारही फुकट आहेत. रूटची भीती वाटत असेल तर पायथनमधलं अपरूट चालतं.
- स्पेशल रिलेटिव्हिटी पक्की हवी. क्वांटम फील्ड थिअरी अर्धी कच्ची असली तरी सुरुवात होते, उगाच घाबरू नका.
- एक वही. खरी, कागदाची. कुठल्या रनला कुठलं वस्तुमान आणि कुठलं कपलिंग (म्हणजे कण दुसऱ्या कणांशी किती जोराने बोलतो तो आकडा) टाकलं होतं हे तीन आठवड्यांनी आठवत नाही, माझा शब्द घ्या.
- इन्व्हर्टर किंवा चांगली बॅटरी. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते आणि माझा रात्रभर चाललेला रन नेमका गुरुवारीच ९० टक्क्यांवर असायचा.

१. कुठला अ‍ॅक्सिऑन, ते ठरवा

पहिला गोंधळ इथेच होतो. मूळ अ‍ॅक्सिऑन आला तो स्ट्रॉंग सीपी प्रॉब्लेममधून, म्हणजे केंद्रकातल्या स्ट्रॉंग बलाच्या थिअरीतल्या एका कोड्यातून. न्यूट्रॉनला इलेक्ट्रिक डायपोल मोमेंट असायला थिअरीत काहीच आडकाठी नाही, पण मोजायला गेलं तर सापडतच नाही. म्हणजे थिअरीतला थीटा नावाचा एक कोन १० अब्जात एक भाग यापेक्षाही लहान असायला हवा, आणि तो एवढा लहान का, याला उत्तर नाही. १९७७ मध्ये रोबेर्तो पेच्चेई आणि हेलन क्विन यांनी यावर तोडगा सुचवला, १९७८ मध्ये वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी वेगवेगळं दाखवून दिलं की या तोडग्यातून एक नवा हलका कण निघतो. विल्चेकने त्याला नाव दिलं ते एका डिटर्जंटच्या ब्रँडवरून, कारण हा कण एक डाग धुऊन काढत होता. (आपल्याकडे कुणी नाव ठेवलं असतं तर काय झालं असतं, विचार न केलेला बरा.)

या मूळ अ‍ॅक्सिऑनमध्ये वस्तुमान आणि कपलिंग एकमेकांना बांधलेले असतात, एक ठरलं की दुसरं ठरलंच. आल्पमध्ये ही गाठ सोडून दिलेली असते. वस्तुमान वेगळं, कपलिंग वेगळं, दोन्ही मोकळे. म्हणून आल्प एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणी शोधता येतो.

सापळा असा की इंटरनेटवर "अ‍ॅक्सिऑन सर्च" टाकलं की आधी येतात ते चुंबकातल्या पोकळ्यांचे आणि सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणींचे प्रयोग. ते अतिहलक्या कणांसाठी आहेत, इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही खूप खाली. सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत सूर्याकडे रोखलेल्या कास्ट प्रयोगाची मर्यादा साधारण ०.०२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालच्या वस्तुमानाला लागू होते. कोलायडरचं राज्य सुरू होतं कोट्यवधी पट वर, काही दशांश जीईव्हीपासून ते टीईव्हीपर्यंत (एक जीईव्ही म्हणजे १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा हजार एमईव्ही, टीईव्ही त्याच्या हजारपट). मी पहिले दहा दिवस डार्क मॅटरचे पेपर वाचण्यात घालवले. छान होते, उपयोग शून्य.

२. नकाशा वाचायला शिका

या विषयात सगळी भांडणं एकाच चित्रावर होतात. आडव्या अक्षावर वस्तुमान, उभ्या अक्षावर फोटॉनशी असलेलं कपलिंग, आणि रंगीबेरंगी पट्टे, म्हणजे "इथे शोधलं, नाही सापडलं". गिटहबवर अ‍ॅक्सिऑनलिमिट्स नावाचा संग्रह आहे, त्यात हे पट्टे आकड्यांच्या फाइलींसकट मिळतात. ते चित्र प्रिंट करून भिंतीला लावा, खरंच.

एक गोष्ट नीट बघा. जड आल्पच्या बाजूला पट्टा वरून खाली येतो आणि खाली कुठेतरी संपतो. कपलिंग जास्त असेल तर आल्प भरपूर तयार होतात म्हणून वरचा भाग बाद होतो, हे सोपं. पण बऱ्याच प्रयोगांच्या पट्ट्याला वरूनही कड असते, म्हणजे कपलिंग *जास्त* असलं तरी दिसत नाही. हे का, ते पुढच्या पायरीत कळेल. या लेखातली तीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, बाकीचं चाळलंत तरी चालेल.

३. आल्प कुठे मरतो, ते कागदावर काढा

आल्प दोन फोटॉनमध्ये फुटतो असं धरू. त्याची विड्थ (किती पटकन फुटतो ते सांगणारा आकडा, ती जास्त तर लाइफटाइम कमी) काढायचं सूत्र अगदी छोटं आहे: कपलिंगचा वर्ग गुणिले वस्तुमानाचा घन, भागिले ६४ पाय. विड्थ मिळाली की लाइफटाइम मिळतो, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर, आणि त्याला बूस्टने, म्हणजे ऊर्जा भागिले वस्तुमान याने गुणलं की डिटेक्टरमध्ये तो सरासरी किती लांब जाऊन फुटतो ते कळतं.

आता आकडे घाला. कपलिंग ०.०००१ प्रति जीईव्ही घ्या.

वस्तुमान १ जीईव्ही असेल तर प्रकाशवेग गुणिले लाइफटाइम येतो सुमारे ४ मायक्रोमीटर. ऊर्जा ५० जीईव्ही असेल तर बूस्ट ५०, म्हणजे ०.२ मिलिमीटर. जिथे जन्मला तिथेच मेला म्हणायचं.

वस्तुमान ०.१ जीईव्ही करा, बाकी काही बदलू नका. वस्तुमानाचा घन असल्यामुळे ४ मायक्रोमीटरचे थेट ४ मिलिमीटर होतात, बूस्टही ५० चा ५०० होतो, आणि उत्तर येतं २ मीटर! सर्नच्या एलएचसी कोलायडरवरच्या सीएमएस डिटेक्टरचा फोटॉन पकडणारा कॅलरीमीटर मधल्या भागात साधारण १.३ मीटरवर सुरू होतो. म्हणजे निम्म्याच्या आसपास आल्प कॅलरीमीटरपर्यंत पोचल्यावर किंवा त्याच्याही पुढे जाऊन फुटणार, आणि तुम्ही मात्र "दोन फोटॉन दिसतील" म्हणून हिस्टोग्राम काढत बसलेले असणार. मी बसलो होतो.

वस्तुमान फक्त दहापट कमी केलं आणि अंतर दहा हजारपट वाढलं, हे एकदा हाताने करून बघितल्याशिवाय अंगात भिनत नाही. पायथनमध्ये पाच ओळींचा कोड होतो, पण पहिल्यांदा वहीत करा.

ही पायरी केली की तीन खोके तयार होतात:

- लगेच फुटतो: नेहमीचा फोटॉनचा अ‍ॅनालिसिस चालतो.
- डिटेक्टरच्या आत पण लांब जाऊन फुटतो: हा सगळ्यात त्रासदायक प्रकार, पहिल्या प्रोजेक्टला हात लावू नका.
- बाहेर जाऊन फुटतो: तुम्हाला दिसतं ते फक्त गायब झालेलं मोमेंटम, किंवा मग लांब ठेवलेला वेगळा डिटेक्टर लागतो.

आणि पट्ट्याची वरची कड? लांब ठेवलेल्या डिटेक्टरसाठी कपलिंग जास्त म्हणजे आल्प वाटेतच मेला, पोचलाच नाही.

४. दोन फोटॉन का एक?

रात्री कात्रज घाटात लांबून येणाऱ्या गाडीचा एकच दिवा दिसतो, बाईक आहे का कार ते कळत नाही, जवळ आली की एकाचे दोन होतात. आल्पचं अगदी असंच आहे, फक्त आपल्याला जवळ जाता येत नाही.

फुटल्यावर दोन फोटॉनमधला कमीत कमी कोन साधारण वस्तुमानाच्या दुप्पट भागिले ऊर्जा एवढा असतो. १ जीईव्हीचा आल्प ५० जीईव्ही ऊर्जेने निघाला तर कोन ०.०४ रेडियन, १.३ मीटरवर दोन फोटॉन ५ सेंटिमीटर लांब पडतात. सीएमएसच्या कॅलरीमीटरमध्ये लेड टंगस्टेटचे ७५,८४८ क्रिस्टल आहेत, मधल्या भागात एकेकाचं तोंड सुमारे २२ मिलिमीटरचं. म्हणजे ५ सेंटिमीटरवर असले तर दोन वेगळे ढीग दिसायची आशा आहे. ०.१ जीईव्हीचा घेतला तर अंतर येतं ५ मिलिमीटर, दोघं एकाच क्रिस्टलमध्ये, विषय संपला. सॉफ्टवेअर त्याला निमूटपणे एकच फोटॉन म्हणणार.

वर आणखी एक मेख आहे. न्यूट्रल पायॉन हाही दोनच फोटॉनमध्ये फुटतो, वस्तुमान १३५ एमईव्ही, आणि तो कोलायडरमध्ये पोत्याने तयार होतो. तसेच आणखी दोन कण: ईटा ५४८ एमईव्हीवर, ईटा-प्राइम ९५८ वर. या तिघांच्या आसपास आल्प शोधणं म्हणजे गणपतीच्या गर्दीत लक्ष्मी रोडवर पांढरा झब्बा घातलेला माणूस शोधणं. पहिल्या प्रोजेक्टसाठी वस्तुमान निवडताना यांच्यापासून लांब राहा.

५. आता मशीन निवडा

बहुतेक जण डोळे झाकून "एलएचसी, प्रोटॉन-प्रोटॉन" लिहितात. थांबा जरा.

*इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन, म्हणजे जपानमधला बेल टू.* नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. टक्कर १०.५८ जीईव्हीला होते, त्यातून एक फोटॉन आणि एक आल्प निघतात, आल्प फुटून आणखी दोन फोटॉन. एकूण तीन, बाकी काही नाही. दोनच गोष्टी निघत असल्यामुळे पहिल्या फोटॉनची ऊर्जा सेंटर ऑफ मास फ्रेममध्ये ठरलेली असते: आल्प १ जीईव्हीचा असेल तर ५.२४ जीईव्ही, ५ जीईव्हीचा असेल तर ४.११. कागदावर काढलेला आकडा सिम्युलेशनमध्ये तसाच्या तसा दिसला की जो आनंद होतो तो वेगळाच. बेल टूने २०२० मध्ये ४४५ इन्व्हर्स पिकोबार्न (इन्व्हर्स बार्न हे किती टकरींचा डेटा आहे ते मोजायचं एकक) एवढ्या छोट्या डेटावर ०.२ ते ९.७ जीईव्हीपर्यंत शोध घेऊन कपलिंगची मर्यादा ०.००१ प्रति जीईव्हीच्या आसपास आणली, त्यामुळे तुमचं उत्तर ताडून बघायला जागा आहे.

*शिशावर शिसं, एलएचसीवर.* हा माझा आवडता. इथे शिशाची केंद्रकं एकमेकांवर आदळतच नाहीत, शेजारून जातात. पण प्रत्येकाभोवती इतकं जबरदस्त इलेक्ट्रिक फील्ड असतं की त्यातल्या फोटॉनचीच एकमेकांशी टक्कर होते. शिशाचा अणुक्रमांक ८२, आणि ही प्रक्रिया त्याच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे प्रोटॉनच्या तुलनेत सुमारे साडेचार कोटी पट. डिटेक्टर पूर्ण रिकामा आणि मध्ये पाठीला पाठ लावून दोनच फोटॉन, एवढं स्वच्छ चित्र एलएचसीवर दुसरीकडे मिळत नाही. एलएचसीवरच्याच अ‍ॅटलास डिटेक्टरवाल्यांनी प्रकाशाची प्रकाशाशी होणारी ही टक्कर असल्याचा पुरावा २०१७ मध्ये दिला, २०१९ मध्ये ती पक्की झाली. त्यांच्या २०२१ च्या पेपरमध्ये २.२ इन्व्हर्स नॅनोबार्न डेटात ९७ इव्हेंट आहेत, त्यात बॅकग्राउंड, म्हणजे तसे भासणारे फसवे इव्हेंट, २७ च्या आसपास अपेक्षित, आणि त्यावरून ६ ते १०० जीईव्हीच्या आल्पवर मर्यादा घातली आहे. ९७! लाखो-करोडो नाही. एवढे इव्हेंट तर तुम्ही हाताने मोजाल. सीएमएसनेही ५ ते ९० जीईव्हीमध्ये असंच केलंय.

*प्रोटॉन-प्रोटॉन.* ऊर्जा भरपूर, पण कचराही भरपूर. शिवाय ट्रिगर, म्हणजे कुठली टक्कर साठवायची ते जागच्या जागी ठरवणारी चाळणी. सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा प्रोटॉनचे झुबके एकमेकांतून जातात आणि त्यातले हजार ते काही हजारच साठवले जातात. दोन फोटॉनच्या नेहमीच्या ट्रिगरला रन टूमध्ये (२०१५ ते २०१८) अ‍ॅटलासवर ३५ आणि २५ जीईव्हीची अट होती, म्हणजे हलका आल्प जागच्या जागी फुटून कमी ऊर्जेचे फोटॉन देत असेल तर तो नोंदलाच जात नाही. जड आल्प, काहीशे जीईव्हीच्या वर, यासाठी मात्र हीच जागा.

*फेझर.* अ‍ॅटलासच्या टक्करबिंदूपासून ४८० मीटरवर जुन्या बोगद्यात ठेवलेला छोटासा डिटेक्टर. तिसऱ्या पायरीतलं गणित इथे परत करा: ०.१ जीईव्हीचा आल्प, कपलिंग ०.००००३, ऊर्जा १ टीईव्ही. उत्तर येतं सुमारे ४४० मीटर. आता कळलं ना तो तिथे का ठेवलाय?

६. सॉफ्टवेअर, आणि त्यातले चार खड्डे

इन्स्टॉलेशनबद्दल जास्त लिहीत नाही, मॅन्युअल नीट वाचलं तर होतं, आणि नाही झालं तर बहुतेक वेळा फोरट्रानचा कंपायलर टाकायचा राहिलेला असतो. आल्पचं मॉडेल स्वतः लिहायला बसू नका, फेनरूल्सच्या संग्रहात तयार मॉडेल आहे ते उतरवा. खड्डे मात्र सांगतो, कारण प्रत्येकात मी स्वतः पडलोय.

पहिला खड्डा नावाचा. पेपरमध्ये आल्पला "ए" म्हणतात. मॅडग्राफमध्ये "ए" म्हणजे फोटॉन! आल्पचं नाव तिथे "ए-एक्स" आहे. मी एक अख्खी दुपार साध्या फोटॉनचे इव्हेंट आल्प समजून बघत होतो, आणि कपलिंग बदललं तरी काहीच कसं बदलत नाही म्हणून मॉडेललाच शिव्या घालत होतो.

दुसरा खड्डा विड्थचा, आणि हा सगळ्यात खोल. पॅरामीटरच्या फाइलीत वस्तुमान बदललं, कपलिंग बदललं, तरी विड्थ आपोआप बदलत नाही, जुना आकडा तसाच राहतो. तिथे आकड्याच्या जागी "ऑटो" लिहायचं असतं. मी १ जीईव्हीचा रन करून मग वस्तुमान १० केलं, विड्थ तशीच ठेवली. खरी विड्थ वस्तुमानाच्या घनाने, म्हणजे हजारपट वाढायला हवी होती. ती न वाढल्यामुळे क्रॉस सेक्शनच, म्हणजे ही प्रक्रिया घडायचं प्रमाणच, हजारपट फुगलं. दुसऱ्या शब्दांत, माझ्या आल्पची फोटॉनमध्ये फुटायची शक्यता शंभर टक्क्यांच्या हजारपट होती, आणि मी खुशीत तो प्लॉट ग्रुप मीटिंगला घेऊन गेलो. मॅडमनी प्लॉटकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "विड्थ किती ठेवली होतीस रे?" पुढचं सांगत नाही.

तिसरा खड्डा कटचा, म्हणजे इव्हेंट गाळायच्या अटीचा. रनच्या फाइलीत दोन फोटॉनमध्ये ०.४ एवढं कोनातलं अंतर हवंच, अशी अट आधीपासून घातलेली असते. सगळे फोटॉन एकाच प्रक्रियेत लिहिले तर ही अट आल्पच्या फोटॉनलाही लागते, आणि जवळजवळ पडणारे फोटॉन, म्हणजे तुमचा सगळा सिग्नल, जन्माआधीच कापला जातो. आल्प आधी तयार करून नंतर फोडा, किंवा ती अट शून्य करा.

चौथा डेल्फिसचा. तिथे फोटॉन "एकटा" आहे का ते तपासतात, ०.५ च्या वर्तुळात दुसरी ऊर्जा असेल तर फोटॉन नापास. तुमचे दोन फोटॉन शेजारी शेजारी असले तर पहिला दुसऱ्यामुळे नापास, दुसरा पहिल्यामुळे नापास. शून्य सिग्नल. मग लोक म्हणतात प्रयोगाला हे दिसूच शकत नाही. प्रयोगाला दिसतं हो, तुमच्या कार्डात, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, गडबड आहे. आणि एकाच क्रिस्टलमध्ये पडलेल्या फोटॉनच्या ढिगाचा आकार कसा दिसेल हे डेल्फिसला कळतच नाही, त्यामुळे चौथ्या पायरीतलं गणित बघून असे मास पॉइंट सोडून द्या.

७. खऱ्या डेटावर हात साफ करा

सिम्युलेशनमध्ये सगळं गोड दिसतं. म्हणून मधेच एक आठवडा अ‍ॅटलासचा ओपन डेटा घ्या. २०२० मध्ये त्यांनी शिकण्यासाठी १३ टीईव्हीचा १० इन्व्हर्स फेम्टोबार्न डेटा खुला केला, त्यात दोन फोटॉनचा वेगळा संच आहे. खातं नको, परवानगी नको, कुणाची सही नको, सरळ उतरवा.

काम एकच: दोन फोटॉनचं एकत्रित वस्तुमान काढा, १०० ते १६० जीईव्हीमध्ये हिस्टोग्राम काढा, आणि १२५ वर हिग्जचा छोटासा उंचवटा दिसतो का ते बघा. छोटासा म्हणजे खरंच छोटासा, पहिल्यांदा दिसला नाही तर घाबरू नका, बॅकग्राउंडला गुळगुळीत रेघ बसवून ती वजा करा. जो कण आहे हे माहीत आहे तोच काढता आला नाही, तर जो असेल का नसेल माहीत नाही तो कसा काढणार?

८. उंचवटा दिसला म्हणून पेढे वाटू नका

डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस दोघांनाही दोन फोटॉनमध्ये ७५० जीईव्हीच्या जवळ काहीतरी दिसलं. जगभर शेकडो थिअरी पेपर लिहिले गेले, त्यात आल्पसारखे कण होतेच. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत जास्त डेटा आला आणि उंचवटा सपाट. कुणीही चूक केली नव्हती. शंभर ठिकाणी बघितलं तर कुठेतरी योगायोगाने उंचवटा येणारच, हे आकड्यात धरायचं असतं. अ‍ॅटलासचा लोकल आकडा, म्हणजे फक्त त्या एका जागेपुरता, साडेतीन सिग्माच्या वर होता (सिग्मा म्हणजे उंचवटा योगायोगापासून किती लांब आहे ते मोजायचं माप), पण हे धरल्यावर तो २ च्या आसपास उतरत होता. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही लिहा.

बॅकग्राउंडबद्दल एक: "दुसरी कुठली प्रक्रिया दोन फोटॉन देते" एवढंच विचारू नका, "कुठली प्रक्रिया दोन फोटॉन *असल्यासारखी दिसते*" हे विचारा. शिशाच्या टकरीत मोठा त्रास इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीचा असतो, ट्रॅक सापडला नाही की इलेक्ट्रॉन फोटॉनसारखाच दिसतो.

९. मर्यादा काढा

उंचवटा नसेल, आणि तो नसणारच, तर ९५ टक्के खात्रीने यापेक्षा मोठं कपलिंग नाही असं सांगायचं. सीएलएस नावाची पद्धत वापरतात, पायथनमध्ये पायएचएफ आहे, एका दुपारी शिकून होतं. हेपडेटावर छापील पेपरांमागचे आकडे मिळतात, त्यावर आपली रेघ चढवा.

इथला सापळा म्हणजे व्याख्या. एका पेपरात कपलिंगमध्ये १/४ बाहेर काढलेला असतो, दुसऱ्यात फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंट आत घातलेला असतो, तिसऱ्यात सगळं एका ऊर्जा-स्केलने भागलेलं. अक्षरं सारखी, अर्थ वेगळा, आणि तुमची रेघ एकदम शंभरपट चांगली दिसायला लागते. अक्षरं जुळवत बसू नका. दोन्ही पेपरांतून १ जीईव्हीच्या आल्पची विड्थ काढा आणि ती जुळवा, विड्थला पर्याय नाही, ती खरी गोष्ट आहे.

१०. पुण्यात कुणाकडे जायचं, काय न्यायचं

पाषाणला आयसर पुणे आहे, तिथला ग्रुप सीएमएस प्रयोगात आहे. गणेशखिंडीला विद्यापीठाचा फिजिक्स विभाग. त्याच आवारात आयुका, पण तिथे जाताना लक्षात ठेवा की ती माणसं खगोलवाली, ताऱ्यांमधून आल्प कसे निसटतात असा प्रश्न असेल तर जा, ट्रिगरचा प्रश्न घेऊन जाऊ नका. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा असोसिएट मेंबर आहे, तेव्हा पुढे तिकडे जायचा विचार असेल तर पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा, व्हेरिफिकेशनला पोलीस नेमके परीक्षेच्या आठवड्यात येतात.

दुसऱ्या संस्थेत प्रोजेक्ट करायचा असेल तर साधारण हे लागतं: कॉलेजचं बोनाफाइड, विभागप्रमुखांच्या सहीचं ना-हरकत पत्र, आतापर्यंतच्या सगळ्या मार्कशीट, एका पानाचा बायोडेटा, ओळखपत्र आणि दोन फोटो. ना-हरकत पत्रासाठी तीन आठवडे धरा. माझं एका ऑफिसच्या टेबलावर बारा दिवस पडून होतं, कारण सही करणारे सर रजेवर आणि शिक्का कपाटात कुलूपबंद.

ईमेल लिहिताना "मला लहानपणापासून विश्वाचं कुतूहल आहे" हे लिहू नका, सगळे तेच लिहितात. चार ओळी लिहा आणि सोबत एक प्लॉट जोडा, पाचव्या पायरीतला बेल टूचा तीन फोटॉनवालाही चालेल. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा परत लिहा, त्यापेक्षा जास्त नको. भेट ठरली की प्लॉट कागदावर छापून न्या, लॅपटॉप सुरू होईपर्यंत सरांचा दुसरा फोन येतो. आणि प्लॉटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन आकडे लिहा: वस्तुमान, कपलिंग, विड्थ. पहिला प्रश्न तोच असणार आहे.